सव्वीस खांबांचा चढ

तारीख ११ ऑक्टोबर १९९८, रविवार. रक्कम रुपये आठशे पन्नास. हजर माणसं तीन: मी, युसूफ आणि बाबल्या सायकलवाला.

बाबल्याच्या दुकानात आम्ही दोघांनी मिळून एक जुनी काळी सायकल घेतली. चारशे पंचवीस माझे, चारशे पंचवीस युसूफचे. युसूफला सायकल चालवता येत नव्हती. आमच्या बर्फाच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर तो डोळे मिटून खोलायचा आणि जोडायचा, पण दोन चाकांवर तोल सांभाळणं त्याला कधी जमलं नाही.

"मग पैसे कशाला घालतोस, मेल्या?" बाबल्याने विचारलं.

"कॅरिअरवर कोण बसणार, तुझा बापूस? पुढची अर्धी दत्तारामची, मागची अर्धी माझी." युसूफने नोटा त्याच्या हातावर ठेवल्या. "आणि ऐक. तेल, ब्रेक, पंक्चर सगळं मी बघणार. हे पैसे नीट बघून घे. ह्याच्यापुढे ह्या सायकलीचा एक पैसा तुझ्या गल्ल्यात यायचा नाय."

हे लिखाण क्षयरोगाबद्दल आहे. सायकलीपासून सुरुवात करतो, कारण आजार मला सायकलीवर कळला, मी बरा झालो असं मला सायकलीवर वाटलं, आणि माझ्या हातून जे झालं तेही सायकलीवरूनच झालं. ज्यांना नुकतंच निदान सांगितलं गेलं आहे त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे. औषधांची माहिती डॉक्टर देतात. मी फक्त माझी चूक सांगतो.

रोजचा रस्ता

आमचं गाव भाट्याच्या पलीकडे, चढ चढून वर सड्यावर. कारखाना मिरकरवाड्याच्या बंदरात. अंतर नऊ किलोमीटर. मी तिथे कारकून होतो. कोणत्या होडीला बर्फाच्या किती लाद्या गेल्या ते लिहायचं माझं काम. युसूफ मशीनवर. दोघांची पाळी सातची.

सव्वासहाला तो मोहल्ल्याच्या वळणावर उभा असायचा. हातात डबा, बगलेत छत्री. सकाळचा उतार सोपा. उतरलं की सुरूचं बन, मग खाडीवरचा पूल, मग मांडवीवरून बंदर. पस्तीस मिनिटं. परतताना पंचावन्न, कारण शेवटी तो चढ. पायथ्यापासून माथ्यापर्यंत विजेचे खांब सव्वीस. हे मी मोजले होते. मला मोजायची सवय आहे, आणि युसूफला त्यावरून माझी चेष्टा करायची.

"आज किती वेळा पायडल मारलंस, सांग की."

"तू गप्प बस. अठ्ठावन्न किलो वजन आहे तुझं. माशांच्या काट्यावर मी स्वतः केलंय."

"त्यातले दोन किलो डब्याचे. तुझ्या वहिनीने आज बांगडे दिलेत. तुझ्यासाठी एक जास्त."

कॅरिअरवर त्याने जुन्या लाइफ जॅकेटचा तुकडा शिवून गादी केली होती. पावसात तो मागून दोघांवर छत्री धरायचा. ती माझ्या डोळ्यांवर आली की मी ओरडायचो, मग तो मला रस्ता सांगायचा, "डावीकडे म्हशी. आता सरळ. आता खड्डा." तीन वर्षं आम्ही असे गेलो. त्या तीन वर्षांत पूर्ण चढ मी न उतरता चढत असे. बेचाळिसाव्या वर्षी मला त्याचा अभिमान होता.

साखळीत दोष नाही

२००१ सालचे गणपती झाले आणि खोकला लागला. पहिल्यांदा एकोणिसाव्या खांबापाशी उतरावं लागलं. दोन आठवड्यांनी चौदाव्यापाशी. दिवाळीत नवव्यापाशी. मला वाटलं अमोनियाचा वास बाधतो आहे. सुलभाला, माझ्या बायकोला, वाटलं की मी डबा नीट खात नाही. युसूफला वाटलं साखळी आवळली आहे. त्याने तीनदा साखळी काढून रॉकेलमध्ये धुतली, तेल घातलं, चाक फिरवून बघितलं.

"साखळीत दोष नाय," तो शेवटी म्हणाला. "दोष तुझ्यात हाय. डॉक्टरला दाखव."

मी दाखवलं नाही. रजा गेली असती. जानेवारीत एका संध्याकाळी चौथ्या खांबापाशी उतरलो, खोकलो, आणि रुमालावर रक्त आलं. युसूफने रुमाल बघितला. त्याने सायकल माझ्या हातातून घेतली आणि उरलेले बावीस खांब तो ती ढकलत चालला. 

१४ जानेवारी २००२

संक्रांत होती. सुलभाने सकाळी तिळगुळाची पुडी खिशात घातली होती, कारखान्यात वाटायला. ती खिशात तशीच राहिली. सरकारी दवाखान्यात दोन दिवस थुंकी दिली होती, फोटो काढला होता, त्याचा निकाल त्या दिवशी मिळायचा होता. बाकावर माझ्या आधी अकरा माणसं होती. प्रत्येक जण आत जाताना चप्पल बाहेर काढत होता आणि बाहेर येताना घालायला विसरत होता. मला त्यांचं आश्चर्य वाटलं. मग मीही अनवाणी फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. उजव्या बाजूला वर एक पांढुरका डाग होता.

"टीबी आहे. पूर्ण बरा होतो. सहा महिने गोळ्या. एकही चुकवायची नाही." मग त्यांनी कागद पुढे ओढला. "घरात कोण कोण?"

"मी, बायको, मुलगी. तीन."

त्यांनी तीन लिहिलं. सुलभाची आणि मंजूची तपासणी झाली, दोघी ठीक निघाल्या. त्यांनी विचारलं ते घराबद्दल विचारलं आणि मी घराबद्दल बरोबर उत्तर दिलं. माझ्या मागे दीड-दोन तास रोज बसणारा आणि दुपारी माझ्यासमोर जेवणारा माणूस माझ्या उत्तरात नव्हता.

ताट

घरी पोचलो तेव्हा सुलभाने काही न विचारता माझं ताट, वाटी, पेला वेगळ्या फळीवर ठेवला. मंजूचं अंथरूण आतल्या खोलीत नेलं. गोळ्या देणाऱ्या सिस्टरांनी दवाखान्यात सांगितलं होतं की भांड्यांचा प्रश्न नाही, तोंडावर रुमाल धरा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. मी ते तिला सांगितलं.

"त्यांचं खरं असेल," ती म्हणाली. "पण मला एकच मुलगी आहे."

मी त्या रात्री जेवलो नाही. माणूस आजाराला घाबरतो हे मला कळत होतं, पण वीस वर्षं माझ्या हातचं अर्धं उष्टं पाणी पिणारी बाई पेला कोपऱ्यात सरकवते, ते बघणं वेगळं. आता लिहिताना मला तिचा राग येत नाही. घरात तिने दारं उघडी ठेवायला लावली, रुमाल धरायला लावला, आणि घरात कुणालाही काही झालं नाही. शिस्त तिची होती.

युसूफने काही वेगळं केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला पुलावर सांगितलं, "टीबी आहे."

"माझ्या चाचालापण होता," तो मागून म्हणाला. "पंच्याऐंशी वर्षं जगला. चल, उशीर होतोय."

दुपारी कारखान्यातल्या माझ्या खोलीत बसून आम्ही नेहमीसारखे जेवलो. खोली सहा बाय आठ फूट. एकच दार, तेही बंद, कारण उघडलं तर कॉम्प्रेसरच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे. तिथे मी रुमाल धरत नसे. मालकाने बघितलं असतं तर विचारलं असतं. युसूफने माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायलं. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की मी तोंड फिरवून डोळे पुसले.

सात गोळ्या

आठवड्यातून तीन दिवस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. एका वेळी सात गोळ्या, सिस्टरांच्या डोळ्यांसमोर. कपाटात माझ्या नावाचा एक डबा होता, त्यात सहा महिन्यांचं सगळं औषध. दुसऱ्या कुणाला त्यातलं मिळणार नाही आणि मलाही आधी मिळणार नाही. लघवी तांबडी व्हायची, पोटात मळमळायचं. बुधवारी सर्वांत जास्त. युसूफ बाहेर सायकल धरून उभा राहायचा आणि मी आलो की विचारायचा, "साती उतरल्या?"

सिस्टर पन्नाशीच्या होत्या. कमी बोलायच्या. एकदा मी कागदावर आधीच सही करायला गेलो तर म्हणाल्या, "सही मागाहून. आधी गिळा. मग जीभ दाखवा."

महिन्याभरात भूक परत आली. एका संध्याकाळी मी सातव्या खांबापर्यंत चढलो. युसूफ खाली उतरला, डब्याच्या पिशवीतून कारखान्यातल्या तांबड्या रंगाची बाटली काढली आणि खांबावर बोटभर रेघ मारली.

"हे काय?"

"तुझा निकाल. डॉक्टरच्या फोटोतलं मला कळत नाय. हे कळतं."

पुढे रेघा वर चढत गेल्या. अकरा. पंधरा. दोन महिन्यांनी थुंकी तपासली, स्वच्छ निघाली. सिस्टर म्हणाल्या, आता आठवड्यातून एकदा या, एक पाकीट माझ्यासमोर उघडायचं, बाकीच्या गोळ्या घरी घ्यायच्या, रिकामं पाकीट परत आणायचं. अजून अठरा आठवडे.

रेघ वीसवर गेली. चोवीसवर गेली.

३ मे २००२, शुक्रवार. संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी युसूफला मागे घेऊन सव्विसावा खांब ओलांडला. पाय टेकले नाहीत. तो मागे गप्प बसला होता, श्वास रोखून, जणू त्याने श्वास घेतला असता तर वजन वाढलं असतं. वर पोचल्यावर त्याने रेघ मारली नाही, खांबाचा अख्खा पायथा रंगवला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना वडे दिले. विचारलं कशाचे, तर म्हणाला, "माझी सायकल चढ चढली."

मी मनाशी हिशेब केला. थुंकी स्वच्छ. वजन एकोणपन्नासवरून सत्तावन्न. खांब सव्वीस. तिन्ही आकडे पुरे. मे महिना होता, होड्या बंद व्हायच्या आधीची गर्दी, लाद्या मोजता मोजता दुपारचं जेवण चुकत होतं आणि त्या गोळ्यांनी पोटात ढवळायचं. सोमवारी मी दवाखान्यात गेलो नाही. पुढच्या सोमवारीही नाही. अकरा आठवडे बाकी होते.

माझी चूक ती. पुष्कळ जण विसरतात म्हणून गोळ्या सोडतात, कुणी कंटाळून सोडतात. मी मोजून सोडल्या.

सिस्टर कारखान्यात

मेच्या शेवटी सिस्टर मला शोधत बंदरात आल्या. मी धक्क्यावर होतो. त्या साध्या साडीत होत्या आणि आजाराचं नाव त्यांनी कुणापुढे काढलं नाही, एवढं त्यांनी सांभाळलं. त्यांना युसूफ भेटला. काय झालं ते त्याने मला परतताना सांगितलं, हसत हसत.

"म्हणाल्या, उद्या पाठवा, काम अर्धं राहिलंय. मी म्हटलं, बाई, तो मला मागे बसवून सव्वीस खांब चढतो. सव्वीस. तुम्ही या एकदा बघायला. त्याला कसली गोळी देताय?"

"मग?"

"मग काय. बघत राहिल्या माझ्याकडे. म्हणाल्या, चढ चढणं आणि हे, दोन्ही वेगळं आहे. पाठवा."

"गेल्या?"

"गेल्या."

आम्ही दोघं हसलो. तो हसला त्याचा धक्का सायकलीला बसला आणि हँडल हललं. ते हसू मला अजून पाठीत जाणवतं.

अकरा दिवस

ऑक्टोबरात खोकला परत आला. मी कुणाला सांगितलं नाही, युसूफलाही नाही. खांबांची मोजणीही थांबवली. त्याला म्हटलं, पाय दुखतात, चालत जाऊ. नोव्हेंबरात धक्क्यावर रक्ताची उलटी झाली आणि तिथूनच मला दवाखान्यात नेलं. अकरा दिवस होतो.

वॉर्डात सकाळी सहाला चहा, आठला इंजेक्शन, साडेनऊला डॉक्टर. दुपारी सगळं शांत असायचं. शेजारच्या खाटेवर दाभोळचे एक म्हातारे होते. ते रोज मला त्यांच्या अंड्यातलं पांढरं द्यायचे, पिवळं स्वतः खायचे. "पांढरं मला पचत नाय," म्हणायचे. ते खोटं होतं हे मला चौथ्या दिवशी कळलं. सुलभा रोज बसने यायची. तिसऱ्या दिवशी तिने घरून माझा पेला आणला, त्यातलं पाणी मला पाजलं आणि उरलेलं स्वतः प्यायली. मी तिला रागावलो. ती रडली नाही, नुसती पेला धुवायला गेली.

पाचव्या दिवशी सिस्टर आल्या. माझा जुना डबा त्यांनी खाटेवर ठेवला. आत न उघडलेली पाकिटं होती.

"दत्ताराम, मोजा."

मी मोजली. अकरा.

"आता आठ महिने. सुरुवातीला चोवीस इंजेक्शनं." त्या एवढंच म्हणाल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

नवीन कागदावर परत तो प्रश्न होता, घरात कोण कोण. मी परत तीन सांगितले.

युसूफ रोज संध्याकाळी यायचा. त्याच्याबरोबर सायकल असायची. कारखान्यापासून दवाखाना, दवाखान्यापासून घर, सगळं अंतर तो ती ढकलत नेत होता. सकाळी परत ढकलत आणायचा. मी म्हटलं, "बसने जा ना. ती राहू दे कारखान्यात."

"तिथे गंजेल. आणि माझी मागची अर्धी कोण सांभाळणार? तिला एकटी सोडू?"

खिडकीतून मी त्याला जाताना बघायचो. मागे कुणी बसलेलं नाही, पुढे कुणी चालवत नाही, आणि तो मधे हँडल-सीट धरून चाललेला.

मस्कत

युसूफचा मेहुणा मस्कतला होता. तिथल्या एका शीतगृहात मशीनवाला हवा होता. डिसेंबरात व्हिसा आला. युसूफ तेव्हा चव्वेचाळीसचा. दोन मुली, मोठी रुखसाना नववीत, घराच्या मागच्या भिंतीला ताडपत्री. याच्यापुढे कुणी बोलावणार नव्हतं आणि त्याला ते ठाऊक होतं. सहा वर्षं जायचं, एवढं त्याने ठरवलं होतं. जाण्याआधी मला म्हणाला, "मी नसताना कॅरिअरवर गोणी टाकू नको. गादी फाटेल."

जानेवारी २००३ मध्ये तो वैद्यकीय तपासणीला मुंबईला गेला. चौथ्या दिवशी सकाळी सव्वासहाला वळणावर उभा होता. मी कामावर परत लागून दोनच आठवडे झाले होते आणि सकाळच्या उतारापुरता त्याला मागे घेत होतो. तो बसला. उतार गेला, सुरूचं बन गेलं. पुलावर चढलो तेव्हा तो बोलला.

"अनफिट."

मी ब्रेक दाबला नाही. का नाही ते माहीत नाही.

"फोटोत डाग हाय. उजव्या बाजूला, वर."

"खोकला आहे तुला?"

"थोडा. महिना झाला. मला वाटलं, थंडी."

सायकलवर मागच्या माणसाचं तोंड दिसत नाही. चार वर्षं आम्ही असंच बोलत आलो होतो. तो माझ्या पाठीशी बोलायचा आणि मी रस्त्याशी. त्या दिवशी पूल संपेपर्यंत मला वाटत होतं की तो काहीतरी म्हणेल. मांडवीच्या वळणावर तो म्हणाला, "डावीकडे टेम्पो."

किती तास

मी डॉक्टरांकडे एकटा गेलो. विचारलं, मी पुढे बसून खोकायचो, वारा मागे जायचा, त्यातून झालं का?

ते म्हणाले, "उघड्यावर, वाऱ्यात, सहसा नाही. बंद खोलीत होतं. एकत्र बसता का कुठे?"

मग मी खोलीबद्दल सांगितलं. सहा बाय आठ. एक दार.

ते म्हणाले की माझ्याकडूनच त्याला झालं असं खात्रीने कुणी सांगू शकत नाही, बंदरात शेकडो माणसं आहेत. त्यांनी ते दयेने सांगितलं. मी घरी येऊन हिशेब केला. पहिल्या खेपेला सप्टेंबर ते जानेवारी, दुसऱ्या खेपेला ऑक्टोबर ते नोव्हेंबर, सुट्ट्या वजा करून एकशे साठ दिवस, रोज अर्धा तास. ऐंशी तास. त्यातले शेवटचे वीस तास अकरा पाकिटांमुळे. पहिल्या साठांतून झालं की शेवटच्या विसांतून, हे कुठल्याही फोटोत दिसत नाही.

युसूफच्या घरी गेलो. नजमाभाभी दारात आल्या. माझ्या मंजूच्या बारशाला त्यांनी स्वतःच्या हाताने सांदणं केली होती.

"दत्ताभाऊ, तुमच्यावर राग नाय," त्या म्हणाल्या. "पण आता आत नका येऊ. पोरी हायत."

मी पायरीवरून परत फिरलो. मला सुलभा आठवली, फळीवरचं ताट आठवलं. 

त्याच्या गोळ्या

युसूफने सहा महिन्यांत एकही गोळी चुकवली नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार. माझे वार तेच होते. मी माझं औषध घेऊन बाहेर येत असे आणि सायकल धरून उभा राहत असे, मग तो आत जाई. तो सात गिळायचा आणि सिस्टरांनी सांगायच्या आधी जीभ दाखवायचा. बाहेर आला की मी विचारायचो, "साती उतरल्या?" तो मान हलवायचा. जेवण आम्ही आता धक्क्यावर करत होतो, उघड्यावर, एकमेकांपासून हातभर लांब.

चढ आम्ही चालत चढायचो. मी हँडल धरायचो, तो कॅरिअरवर हात ठेवून मागून ढकलायचा. खांबांवरच्या तांबड्या रेघा तशाच होत्या. त्यांच्याकडे दोघंही बघत नसू.

तो बरा झाला. ऑगस्टमध्ये मीही बरा झालो, आठ महिने पुरे करून. मेहुण्याने खटपट करून दुसरा व्हिसा काढला. नोव्हेंबरात युसूफ परत मुंबईला गेला. या वेळी आमच्या डॉक्टरांचा दाखला बरोबर होता, की हा पूर्ण बरा आहे. तपासणीवाल्यांनी दाखला वाचला आणि म्हणाले, आजार नाही हे मान्य, पण डाग आहे. डाग असलेला माणूस तिकडे चालत नाही. डाग जात नाही.

तसाच डाग माझ्याही छातीत आहे. बर्फाच्या लाद्या मोजायला फोटो लागत नाही.

शेवटचा चढ

२००४ च्या मे महिन्यात युसूफने कारखाना सोडला. कुर्ल्याला त्याच्या चुलतभावाचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे तो निघाला. पगार इथल्यापेक्षा थोडा जास्त, राहायला दुकानाचा माळा. आदल्या दिवशी आम्ही चढ चढत होतो. मी मनाशी जुळवून ठेवलेलं बोललो.

"त्या गोळ्या मी सोडल्या नसत्या, तर."

सायकलीला मागून येणारा जोर थांबला. तो उभा राहिला होता.

"बाईंना परत मी पाठवलं," तो म्हणाला.

"तू पाठवलंस तरी मी जायला हवं होतं. पाय माझे होते."

"सव्विसावर रंग कोणी मारला? वडे कोणी वाटले?" त्याचा आवाज चढला, मग खाली आला. "माझ्या घरात रोज हाच विषय चालतो, दत्ताराम. तू तरी काढू नको. चल."

आम्ही चाललो. माथ्यावर मी खिशातून पाकीट काढलं. त्यात चारशे पंचवीस रुपये होते.

"हे काय?"

"तुझा हिस्सा. सायकलीचा."

त्याने पाकीट माझ्या खिशात परत कोंबलं, जरा जोरानेच. "मी विकायला काढली काय? मागची अर्धी माझी हाय. मी येईन तेव्हा बसेन." थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "ब्रेकचं रबर झिजत आलंय मागचं. बघ. तुला कळायचं नाय."

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी वळणावर थांबलो. सवय. मग निघालो.

त्या संध्याकाळी चढ एकटा चढलो. अठ्ठावन्न किलो कमी होते. पाय सहज फिरत होते, छाती स्वच्छ होती, आणि मला कळलं की आज सव्वीस सहज होतील. सातव्या खांबापाशी, पहिल्या तांबड्या रेघेपाशी, मी उतरलो आणि बाकीचा चढ चालत गेलो. अजूनही तसंच करतो. गावातले लोक समजतात की माझी छाती अजून कमजोर आहे. समजू दे.

ज्यांच्या नावाचा डबा आत्ता कपाटात आहे, त्यांना एवढंच सांगतो. डबा रिकामा होईपर्यंत स्वतःला बरं म्हणू नका, कितीही चढ चढलात तरी. आणि डॉक्टर जेव्हा विचारतील, घरात कोण कोण, तेव्हा जेवायला समोर कोण बसतं तेही सांगा.

२१ ऑगस्ट २००४, शनिवारी मागचा ब्रेक लागेना म्हणून सायकल बाबल्याकडे नेली. हजर माणसं दोन, मी आणि बाबल्या. त्याने चाक फिरवून बघितलं.

"युसूफ कुठाय? हे तर तो करायचा."

"मुंबईला."

त्याने जुनं रबर काढलं, नवं बसवलं. मग कॅरिअर हाताने हलवून बघितला. "ह्याचे नट गंजलेत. कोणी बसत नाय ना आता? काढून टाकू? चढाला हलकी पडेल तुला."

"नको," मी म्हटलं. "तो माझा नाही."

बाबल्याने गादीवरची धूळ फडक्याने पुसली. ब्रेकचं रबर आणि मजुरी मिळून रुपये बारा. सहा वर्षांत या सायकलीच्या दुरुस्तीला दिलेली ही पहिली रक्कम, बाबल्याला.